काटा कोणाचा, वही कोणाची?

(वाशीम जिल्ह्यातील शेतमालाचा बाजार आणि संगणकीय व्यापार या विषयावरील भाषणाचा मजकूर)



व्यापारउद्योगाच्या जगात गेल्या काही वर्षांत एक नवी परिभाषा रूढ झाली आहे. ईआरपी, क्लाउड, प्लॅटफॉर्म, डेटा आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून निघून तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचले आहेत. या शब्दांभोवती दोन प्रकारच्या भाबड्या समजुती आढळतात. एका पक्षाला वाटते की, संगणक आला म्हणजे दलाल गेला आणि शेतकऱ्याच्या पदरात योग्य भाव पडला. दुसऱ्या पक्षाला वाटते की, संगणक हे बड्या भांडवलाचे हत्यार आहे, तेव्हा त्याला दारातच अडवावे. पहिली समजूत सरकारी जाहिरातींत दिसते, दुसरी पुरोगामी चळवळीत अधूनमधून डोकावते. दोन्हींत एक उणीव समान आहे. यंत्र काय करू शकते याची चर्चा दोघेही करतात. परंतु यंत्राची मालकी कोणाकडे आहे आणि त्याने लिहिलेली वही कोणाला वाचता येते, हा प्रश्न दोघांच्याही चर्चेत मागे पडतो.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. शेती मुख्यतः कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर ही खरिपाची मुख्य पिके, जोडीला काही भागात कापूस, रब्बीला हरभरा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील ‘आकांक्षित जिल्ह्यां’ची यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे आले आणि वाशीम त्यांपैकी एक होता. मागासलेपणाला दिलेले हे नवे आणि सौम्य नाव. अशा जिल्ह्यात व्यापारातील संगणकीय परिवर्तनाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, शेतमालाच्या व्यापारातील नवी यंत्रणा शेतकऱ्याच्या उपयोगी केव्हा पडते आणि केव्हा पडत नाही, याचा जुना प्रयोग याच जिल्ह्यातील कारंजा या गावी झालेला आहे. तो प्रयोग नीट समजून घेतला तर आजच्या गोंधळात वाट सापडू शकते.

सुप्याची होळी, कारंज्याचा काटा

आधी एका वेगळ्या घटनेकडे पाहावे लागेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे भोवतालच्या गावांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडून कर्जरोखे व हिशोबाच्या वह्या हिसकावून जाळल्या. इतिहासात या उठावाला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. शेतकऱ्यांचा राग कागदावर का निघाला? कारण कागद एकाच बाजूच्या ताब्यात होता. किती घेतले, किती फेडले, व्याज कसे चढले हे सारे सावकाराच्या वहीत होते. शेतकऱ्याकडे फक्त त्याचा अंगठा होता. उठावानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यात दस्त नोंदण्यासाठी गावपातळीवर निबंधक नेमण्याची आणि ऋणकोला पावती व हिशोबाचा उतारा मिळण्याची तरतूद आली. म्हणजे वही जाळणे हा उपाय नसून वहीची दुसरी प्रत ऋणकोच्या हाती देणे हा उपाय आहे, हे निदान तत्त्वतः राज्यकर्त्यांनीही मान्य केले.

याच काळात वऱ्हाडात कापसाचा व्यापार फोफावला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या जगाचे लक्ष वळले. १८७० मध्ये मुंबई आणि लंडन समुद्राखालील तारेने जोडली गेली. त्याच वर्षी खामगावला रेल्वेचा फाटा आला. रॅली, व्होल्कार्ट यांसारख्या युरोपीय पेढ्यांचे आडतिये वऱ्हाडात उतरले. आज ज्याला उद्योगसंस्थेचे माहिती तंत्रज्ञान म्हणतात, त्याचा तो पहिला अवतार होता. लिव्हरपूलचा भाव तारेने मुंबईच्या पेढीला कळे आणि पेढीकडून तो वऱ्हाडातील तिच्या माणसाला कळे. बैलगाडीत कापूस घेऊन आलेल्या कुणब्याला मात्र तो कळत नसे. त्याचा सौदा रुमालाखाली बोटे धरून होई. बोटांची भाषा अडत्याला आणि खरेदीदाराला समजे. मालाच्या धन्याला भाव सौदा झाल्यावर सांगितला जाई. पुढे काट्यावर कडता कापला जाई, नमुना म्हणून मूठभर माल जाई, आणि धर्मादायापासून तोलाईपर्यंत नाना कपाती हिशोबपट्टीवर चढत.

या परिस्थितीत १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये कारंजा येथे कापसाचा नियमित बाजार स्थापन झाला. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याच गावाचे नाव येते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला आणि ही व्यवस्था इतर बाजारांना लागू झाली. ठरलेली जागा, परवानाधारक तोलारे, ठरलेले दर आणि देखरेखीला समिती, अशी तिची चौकट होती.

या सुधारणेमागे परोपकार नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी दरात आणि खात्रीने मिळावा हा तिचा हेतू होता. तरीही काटा उघड्यावर आला, याचा काही लाभ शेतकऱ्याला झालाच. मर्यादा कोठे पडली, ती महत्त्वाची आहे. देखरेख समितीत वजन व्यापाऱ्यांचे होते. कापूस पिकवणाऱ्याला त्या समितीत स्थान नव्हते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नेमक्या या दोषावर बोट ठेवले. मुंबई इलाख्यात १९२७ च्या कापूस बाजार कायद्याने उत्पादकाला प्रतिनिधित्व देण्याची दिशा घेतली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्याने तिला आजचे रूप दिले. म्हणजे काटा उघडा होण्यापासून काट्यावर देखरेख करणाऱ्या समितीत शेतकरी बसण्यापर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ गेला. तंत्र लवकर येते, त्याच्यावरील अधिकार उशिरा येतो आणि तो मागितल्याशिवाय येत नाही. कारंज्याचा धडा हाच.

या गावाने दुसराही एक धडा दिला आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ कारंज्यावरून जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी खासगी कंपनीने तो मार्ग बांधला. स्वातंत्र्य आले, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या रुळांची मालकी पुढेही अनेक दशके कंपनीकडेच राहिली. गाड्या सरकारी रेल्वे चालवी आणि कंपनीला मोबदला देई. गेल्या दशकात त्या मार्गावरील गाड्या थांबल्या. ज्यावरून साऱ्या मुलखाचा माल जातो, तो मार्ग एकदा खासगी मालकीचा झाला की राजवट बदलली तरी मालकी सहज बदलत नाही. संगणकीय मंचांचा विचार करताना या रुळांची आठवण ठेवणे हिताचे आहे.

माहिती मिळाली, भाव किती मिळाला?

आता अलीकडच्या काळाकडे वळू या. माहिती तंत्रज्ञानाने शेतमालाचा व्यापार बदलण्याचे दोन गाजलेले प्रयोग या प्रदेशाच्या अगदी शेजारी झाले, आणि दोन्हींची अर्थशास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक तपासणी केली आहे.

पहिला प्रयोग आयटीसी कंपनीच्या ई-चौपालचा. २००० साली मध्य प्रदेशातील सोयाबीनच्या पट्ट्यात कंपनीने गावातीलच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक बसवला. तेथे मंडीचे भाव आणि कंपनीचा स्वतःचा खरेदीदर दिसे. शेतकऱ्याने हवे तर माल थेट कंपनीच्या केंद्रावर न्यावा. तेथे इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोल होई. अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ही केंद्रे आल्यावर मंडीतील सोयाबीनच्या भावात सरासरी एक ते तीन टक्के वाढ झाली. हा लाभ खरा होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मंडीतील मूठभर खरेदीदारांच्या संगनमताला एक नवा स्पर्धक मिळाला, हे त्याचे कारण. बाजार समित्यांच्या गैरकारभारावर पांघरूण घालणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

दुसरा प्रयोग रॉयटर्स कंपनीचा. २००७ मध्ये महाराष्ट्रात तिने मोबाइलवर भाव, हवामान आणि पिकांचा सल्ला पाठवणारी सशुल्क सेवा सुरू केली. मार्सेल फाशां आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील शंभर गावांत तिची चाचणी घेतली. तपासलेल्या पिकांत सोयाबीनही होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना मिळालेल्या भावात सरासरीने दखलपात्र फरक पडला नाही.

दोन प्रयोगांचे निकाल परस्परविरोधी वाटतात, पण ते तसे नाहीत. पहिल्या ठिकाणी माहितीबरोबर दुसरा खरेदीदार आणि दुसरा काटा आला. दुसऱ्या ठिकाणी नुसता संदेश आला. वाशीमचा भाव रिसोडपेक्षा पन्नास रुपयांनी चढा आहे, हे मोबाइलने कळवले. पण माल न्यायला गाडी नाही, अडत्याकडून पेरणीला उचल घेतलेली, आणि दिवाळीच्या आत दुकानदाराची उधारी फेडायची आहे. अशा शेतकऱ्याला ती माहिती वेदनेखेरीज काय देणार? माहितीचे रूपांतर भावात व्हायचे असेल तर थांबण्याची ताकद हवी, आणि ती ताकद संगणकातून येत नाही.

एक ते तीन टक्क्यांचा अर्थही समजून घ्यावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. त्याचा एक टक्का म्हणजे ५३ रुपये आणि तीन टक्के म्हणजे १६० रुपये. क्विंटलमागे एक किलो कडता कापला, तरी तेवढेच ५३ रुपये जातात. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा काटा एका-दोन अंशांनी इकडेतिकडे झाला तर त्याहून अधिक जातात. सरकारी खरेदीला सोयाबीनमध्ये बारा टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४ च्या हंगामात पावसाने माल ओला राहिला तेव्हा केंद्राला ती पंधरा टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. त्या काळात ज्यांचा माल केंद्रावरून परत गेला, त्यांनी तो हमीभावाच्या खाली खुल्या बाजारात विकला. म्हणजे उपग्रहापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंतचे सारे तंत्र जे मिळवून देईल, ते मातेरे, चाळणी आणि ओलावा या जुन्याच ठिकाणी निसटू शकते. म्हणून काट्याचा प्रश्न जुना झाला, असे कोणी म्हणू नये.

दूरची वही

मोठ्या कंपन्यांच्या व्यवहारात आज जे घडत आहे, त्याचे सार साध्या भाषेत सांगता येईल. पूर्वी पेढीवर रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी, गोदामाची वही वेगळी आणि वाहतुकीची वेगळी असे. ईआरपी म्हणजे या साऱ्या वह्यांची मिळून केलेली एकच संगणकीय वही. एका टोकाला खरेदी झाली की दुसऱ्या टोकाचा साठा, उधारी आणि रोकड आपोआप बदलते. क्लाउड म्हणजे ही वही ठेवण्याचे कपाट स्वतः न घेता भाड्याने घेणे. आणि कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे अशा हजारो वह्या वाचून पुढचा अंदाज बांधणारे यंत्र. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाचा अंदाज, हवामानावरून उत्पादनाचा आणि शिकागोच्या वायदेबाजारावरून भावाचा अंदाज, असे सारे आता एका पडद्यावर येते. व्यापारातील नवनिर्मिती म्हणतात ती हीच.

सोयाबीनच्या बाबतीत या दूरच्या वहीचे सामर्थ्य २०२१ मध्ये दिसले. त्या वर्षी उन्हाळ्यानंतर भाव चढत गेले आणि राज्यातील काही बाजारांत त्यांनी क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. सोयाबीनचा मोठा भाग पेंड होतो, आणि ती पेंड कोंबड्यांचे खाद्य आहे. कुक्कुटपालन उद्योगाने ओरड केली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने बारा लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव कोसळले. त्याच वर्षी २० डिसेंबरला सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढे वारंवार वाढवली. खाद्यतेलाच्या आयात शुल्काचेही तसेच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ शुल्क शून्यावरून वीस टक्क्यांवर नेले, मे २०२५ मध्ये ते दहावर आणले. मानोऱ्याच्या शेतकऱ्याच्या भावाचा निकाल अशा रीतीने त्याच्या वहीत नव्हे, तर दिल्ली, इंदूर आणि शिकागो येथील वह्यांत लागतो. त्या वह्या वाचणाऱ्याजवळ महिनाभर आधी अंदाज असतो. पिकवणाऱ्याला बातमी मिळते ती भाव पडल्यावर.

सार्वजनिक यंत्रणेचे कार्य आणि मर्यादा

मग सरकारने काय केले? केले नाही, असे म्हणता येणार नाही. १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम ही राष्ट्रीय कृषी बाजाराची संगणकीय व्यवस्था सुरू झाली. तेरा शतकांहून अधिक बाजार तिला जोडले गेले आहेत. रुमालाखालचा हात जाऊन पडद्यावरची बोली आली, हे कारंज्याच्या परंपरेला धरूनच झाले. परंतु या व्यवस्थेतील व्यवहार मुख्यतः त्या त्या बाजाराच्या आवारापुरते राहिले. दूरच्या राज्यातील खरेदीदार बोली लावील, ही अपेक्षा फारच थोड्या प्रमाणात पुरी झाली. कारण उघड आहे. न पाहिलेला माल घ्यायचा तर प्रतवारीवर विश्वास हवा, आणि प्रतवारीसाठी प्रयोगशाळा, माणसे व पैसा हवा. तोवर अडत्याचा हात मालात फिरणारच.

दुसरे मोठे पाऊल प्राथमिक कृषी पतसंस्थांचे. २०२२ मध्ये केंद्राने सुमारे ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नाबार्डच्या देखरेखीखाली साऱ्या संस्थांसाठी एकच ईआरपी प्रणाली, असे तिचे स्वरूप आहे. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत ज्या वह्या गटसचिवाच्या दप्तरात बंद असत, त्या आता पडद्यावर येणार. बड्या कंपनीकडे जे साधन आहे तेच गावच्या सोसायटीला भाड्याने मिळू शकते, ही या युगाने दिलेली खरी संधी आहे. चळवळीने तिच्याकडे पाठ फिरवणे आत्मघातकी ठरेल. परंतु वही गटसचिवाच्या दप्तरातून निघून जिल्हा बँकेच्या आणि दिल्लीच्या पडद्यावर गेली, आणि सभासदाला मात्र ती पूर्वीइतकीच दुर्बोध राहिली, तर कुलूप तेवढे बदलले असे होईल.

तिसरे पाऊल शेतकऱ्याच्या नोंदणीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. तलाठ्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करायची. एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. शेतीविषयक माहितीच्या देवाणघेवाणीची यंत्रणा उभारण्याचा त्यात समावेश आहे. या साऱ्याचा पाया सातबारा आहे. ज्याचे नाव सातबारावर नाही, तो या वहीत जन्मालाच येत नाही. ठोक्याने शेती करणारा, बटाईने करणारा, आणि रात्रंदिवस राबूनही उताऱ्यावर जिचे नाव नाही ती स्त्री, हे सारे पडद्याबाहेर राहतात. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्जांसाठी लागलेल्या रांगा आणि बँकांच्या व संगणकाच्या याद्यांचा न बसलेला मेळ, हा अनुभव फार जुना नाही. कागदावरची चूक तलाठ्याकडे जाऊन दुरुस्त करता येत असे. पडद्यावरची चूक कोणाकडे न्यायची, हे गावात कोणालाच ठाऊक नसते.

आणखी एक वर्ग या चर्चेत नेहमी विसरला जातो. बाजार समितीच्या आवारात पोती उचलणारा हमाल आणि काट्यावर उभा राहणारा तोलारा यांच्या हिताचा १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राने देशाला घालून दिलेला आदर्श आहे. गाडी भुईकाट्यावर चढली आणि आकडा आपोआप छापला गेला की तोलाऱ्याचे काम संपते. शेतकऱ्याने तोलाई का द्यावी, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. तोलाऱ्याने खावे काय, हाही रास्त आहे. दोन श्रमिकांत भांडण लावून तिसऱ्याने खर्च वाचवायचा, अशा रीतीने यांत्रिकीकरण होऊ देता कामा नये.

मागण्या कोणत्या?

टीका पुरेशी झाली. या विवेचनातून काही निश्चित मागण्या निघतात, आणि त्या जिल्ह्याच्या पातळीवरही लढवता येतील अशा आहेत.

पहिली मागणी काट्याची. बाजार समितीत, सरकारी खरेदी केंद्रावर आणि खासगी खरेदीदाराच्या दारात वजन व ओलावा मोजणारी यंत्रे वैधमापन खात्याने नियमित तपासलेली असावीत. यंत्राने दाखवलेला आकडा खरेदीदाराच्या संगणकावर ज्या क्षणी जातो, त्याच क्षणी तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर जावा आणि छापील काटापट्टीही हाती मिळावी. ही गोष्ट आजच्या तंत्राला अगदी क्षुल्लक आहे. ती होत नाही, कारण ती कोणी मागत नाही.

दुसरी मागणी वहीची. २०२२ मध्ये केंद्राने तुरीच्या साठ्याची माहिती व्यापाऱ्यांनी व गिरणीवाल्यांनी सरकारी संकेतस्थळावर भरावी, अशी सक्ती केली. हेतू भाव रोखण्याचा होता. साठ्याची ती बेरीज आठवड्याला जिल्हानिहाय जाहीर का होऊ नये? कोणा एका व्यापाऱ्याचे गुपित फोडावे असे कोणी म्हणत नाही. परंतु देशात तूर किती पडली आहे हे सरकारला आणि बड्या पेढ्यांना ठाऊक असावे आणि कारंज्याच्या तूर उत्पादकाला नसावे, याला बाजाराचा न्याय म्हणता येणार नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तो एका माणसाच्या माहितीचा विचार करतो. साऱ्या गावाच्या पिकाची, कर्जाची आणि पाण्याची मिळून जी माहिती होते, तिच्यावर गावाचा हक्क काय, याविषयी तो काही सांगत नाही. ही सामूहिक माहिती कोणत्याही कंपनीला देण्यापूर्वी ग्रामसभेपुढे आणि सोसायटीच्या आमसभेपुढे तो करार वाचला गेला पाहिजे.

तिसरी मागणी थांबण्याच्या ताकदीची. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवावा, किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी कर्ज घ्यावे आणि भाव आल्यावर विकावे, अशी ती साधी योजना. गोदामाच्या पावतीला २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक रूपही मिळाले. ज्या शेतकऱ्याकडे अशी पावती आहे, त्याच्या मोबाइलवरील भावाला अर्थ आहे. म्हणून संगणकावर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाबरोबर गोदामावर आणि तारण कर्जावर किती खर्च झाला, असा हिशोब मागितला पाहिजे. शेतकरी उत्पादक कंपन्या अनुदानापुरत्या कागदावर उभ्या करण्याऐवजी त्यांनी माल एकत्र साठवावा आणि एकत्र बोली घ्यावी, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

चौथी मागणी प्रतिनिधित्वाची. जो मंच शेतमालाच्या व्यवहाराचे नियम ठरवतो, मग तो सरकारी असो, सहकारी असो की खासगी, त्याच्या देखरेखीला समिती असावी आणि तीत उत्पादक, ठोकेदार शेतकरी, स्त्रिया व हमाल-तोलारे यांना जागा असाव्यात. २०२० च्या तीन कृषी कायद्यांपैकी एकाने बाजार समितीच्या आवाराबाहेर इलेक्ट्रॉनिक व्यापाराचे मंच काढण्याची मोकळीक दिली होती. त्या मंचांच्या कारभारात शेतकऱ्याला स्थान देण्याची तरतूद त्यात नव्हती. ते कायदे २०२१ च्या अखेरीस मागे घेतले गेले, परंतु त्यामागचा विचार संपलेला नाही. तो नव्या रूपात येईल तेव्हा विरोध करणाऱ्यांजवळ नकाराबरोबर ही मागणीही तयार असली पाहिजे.

मित्रहो, या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही, असा आक्षेप घेतला जाईल. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हाही यंत्रे बाहेरून आली होती. नवे होते ते यंत्राच्या मालकीचे स्वरूप. पुढे त्या चळवळीचे जे झाले त्याची चिकित्सा अवश्य करावी. पण साखर काढण्याचे यंत्र ऊस पिकवणाऱ्याच्या मालकीचे असू शकते, हे एकदा सिद्ध झाले ते झालेच. माहितीच्या यंत्राबाबत तेवढेच सिद्ध करायचे आहे.

सुप्याच्या शेतकऱ्याने वही जाळली, कारण ती त्याला वाचता येत नव्हती आणि तिच्यात लिहिण्याचा त्याला अधिकार नव्हता. आजची वही जाळता येत नाही. ती कोठे ठेवली आहे हेही त्याला ठाऊक नाही. म्हणून ती उघडी करणे, तिची प्रत मागणे आणि ती लिहिणाऱ्या समितीत बसणे हाच एक मार्ग उरतो. कारंज्यात काट्यापासून समितीपर्यंतचा प्रवास अर्धशतकाचा झाला. यावेळी तेवढा अवधी मिळणार नाही. येत्या हंगामात सोयाबीनचे पहिले पोते काट्यावर चढेल, तेव्हा काटापट्टीची प्रत मागण्यापासून या कामाला आरंभ करता येईल.